तीन पायांचा पाहुणा

आमच्या अब्बांचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे बारा बाय दहाची एक खोली, मागच्या भिंतीवर डोंगर, तळं आणि दोन बदकं रंगवलेला पडदा, आणि मधोमध सागवानी लाकडाची तिवई. अब्बा तिला 'घोडी' म्हणत. शाळेचे वर्गफोटो, नव्या जोडप्यांचे फोटो, थकल्या आजोबांचा 'एकदा काढून ठेवा' म्हणून काढलेला फोटो, सगळं त्या घोडीवर. काळ्या कापडाखाली डोकं घालून अब्बा म्हणायचे, "हलू नका." आणि सबंध वर्ग श्वास धरून बसायचा.

आमच्या घरी फोटोंनी भरलेली एक पत्र्याची पेटी आहे. त्यात आजी आहे, अम्मी आहे, आम्ही भावंडं आहोत, शेजारच्यांची बकरीसुद्धा आहे. अब्बा नाहीत. ते कायम कापडाखाली! त्यांचा म्हणून एकच फोटो उरला, मतदार ओळखपत्रावरचा. तोही कुणी घाईत काढलेला.

हा वारसा माझ्याकडे आला. २००३ साली लेकीला घेऊन आम्ही गोराईच्या एस्सेलवर्ल्डला गेलो होतो. छत्तीस फोटोंचा रोल मी संपवला. त्या छत्तीस फोटोंत लेक आहे, तिची अम्मी आहे, पाळणे आहेत. मी एकातही नाही.

लेक आता न्यू जर्सीत असते. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिच्याकडे निघालो, तेव्हा फोनवर म्हणाली, "अब्बा, नातवाला घेऊन फ्लोरिडाला जायचंय. पण या खेपेला तुम्ही फोटोत पाहिजे." झालं. मी पुण्याच्या बाजारातून चांगला भक्कम ट्रायपॉड घेतला. मिटला की बासष्ट सेंटीमीटर, वजन पावणेदोन किलो. बॅगेतले माझे दोन सदरे बाहेर निघाले आणि ही नवी घोडी आत गेली.

फ्लोरिडात ऑर्लँडो शहराजवळ मोठमोठी थीम पार्क आहेत. त्यांतल्या एकाच्या दाराशी, सामान तपासणाऱ्या बाईंनी माझी घोडी हातात घेतली, पाठीवरच्या पिशवीशी ताडून पाहिली आणि हसून मान हलवली. ही आत येणार नाही. गाडीत ठेवा किंवा लॉकरमध्ये. मला राग आला, खोटं कशाला सांगू? सात समुद्र ओलांडून आणलेली वस्तू दारात अडावी! वाहनतळापर्यंत परत जाताना मी बरंच काही पुटपुटलो. जावई शांतपणे सोबत चालत होते. ते यंत्र अभियंता आहेत. ते म्हणाले, "अब्बा, हा नियम फोटोवर नाही, जागेवर आहे." आज जे सांगणार आहे, ते या एका वाक्याचं स्पष्टीकरण आहे. आपल्याकडची बरीच मंडळी आता मुलांकडे म्हणून परदेशी जातात आणि नातवंडांसोबत अशा पार्कांतही जातात. त्यांना ते उपयोगी पडेल.

आधी नियम पाहू. डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत ट्रायपॉडला सरसकट बंदी नाही. नेहमीच्या पाठपिशवीत मावत नाही किंवा उघडल्यावर सहा फुटांपेक्षा, म्हणजे १.८ मीटरपेक्षा उंच होतो, असा ट्रायपॉड किंवा एकपायी स्टँड चालत नाही. सेल्फी स्टिक मात्र कितीही लहान असली तरी चालत नाही. परवानगीवाचून धंद्यासाठी चित्रण करता येत नाही. ड्रोनही नाही. ड्रोनच्या बाबतीत तर कायदाच आड येतो. फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातल्या डिस्ने पार्कांवर २००३ सालापासून सुमारे साडेपाच किलोमीटर त्रिज्येत, तीन हजार फुटांच्या खाली विमानांनाही उडायला मनाई आहे. मग आपल्या खेळण्याची काय कथा! टोकियोचं डिस्नेलँड १९८३ साली सुरू झालं. तिथली शिस्त आणखी कडक. तिथे तिवई, एकपायी स्टँड, सेल्फी स्टिक, यांतलं काहीच वापरता येत नाही. कॅमेरा आणा, फोटो काढा, पण आपल्या हातानं.

सेल्फी स्टिकवरची बंदी तशी अलीकडची आहे. २०१५ च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियातल्या डिस्ने पार्कात एका रोलर कोस्टरवर चालू फेरीत कुणीतरी ही काठी बाहेर काढली. रोलर कोस्टर थांबवावा लागला आणि जवळजवळ तासभर बंद राहिला. त्याच आठवड्यात कंपनीनं बंदी जाहीर केली. ३० जूनपासून अमेरिकेत आणि १ जुलैपासून पॅरिस आणि हाँगकाँगमध्ये ती लागू झाली. त्याआधी पाळण्यांवर 'काठी काढू नका' असं सांगून पाहिलं होतं. लोकांनी ऐकलं नाही, म्हणून काठी दाराबाहेर गेली.

आता तुम्ही म्हणाल, हातभर काठीनं एवढं काय बिघडतं? इथे जावयांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. रोलर कोस्टर उभारताना अभियंते आधी माणूस मोजतात. डब्यात पट्टा लावून बसलेल्या माणसानं दोन्ही हात वर केले, बाजूला ताणले, पाय पसरले, तर त्याची बोटं कुठवर पोचतील? चांगला उंच माणूस धरून ही मापं काढतात. त्यावर थोडी मोकळी जागा ठेवतात. असं डब्याभोवती एक न दिसणारं कवच तयार होतं. हे कवच सबंध रुळावरून डब्याबरोबर धावतं. त्याच्या आत खांब, तुळई, भिंत, झाडाची फांदी, काहीही येता कामा नये. अमेरिकेत अशा पाळण्यांच्या रचनेसाठी जे तांत्रिक मानक आहे, त्यात हे कवच कसं मोजायचं ते लिहिलेलं आहे. म्हणून तर आपण हात वर करून किंचाळतो, शेजारून खांब सणसणत जातो आणि आपल्याला खरचटतही नाही. ती कृपा त्या कवचाची.

आता या हिशेबात एक मीटरची काठी घाला. माणसाचा हात एकदम दुप्पट लांब झाला. हा हात कुणी मोजलेलाच नव्हता. ज्या रोलर कोस्टरची गोष्ट सांगितली, त्याचा वेग ताशी ८८ किलोमीटरपर्यंत जात होता. त्या वेगात काठीचं टोक खांबाला लागलं, तर काठी धरणाऱ्याच्या तोंडावर येणार किंवा मागच्या डब्यातल्या लेकरावर जाणार.

काठीचं राहू द्या, नुसता फोन घ्या. फोन साधारण दोनशे ग्रॅमचा. क्रिकेटचा चेंडू एकशे साठ ग्रॅमच्या आसपास. ताशी ८८ किलोमीटर हा फिरकी गोलंदाजाच्या चेंडूचा वेग झाला. म्हणजे हातातून सुटलेला फोन हा चेंडूपेक्षा जड, चार कोपरे असलेला चेंडू! आणि समोरचा फलंदाज पॅड-हेल्मेट घालून वाट पाहत उभा नाही. तो खाली बाकावर बसून मक्याच्या लाह्या खातो आहे. उंचीचंही तसंच. चाळीस मीटरवरून, म्हणजे साधारण तेरा मजल्यांवरून सुटलेली वस्तू, हवेचा अडथळा सोडला तर, खाली येईतो ताशी शंभर किलोमीटरचा वेग घेते. २०१९ साली स्पेनमधल्या एका रोलर कोस्टरवर एकाचा निसटलेला फोन मागच्या डब्यातल्या माणसानं हवेतच झेलला. त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली, टाळ्या पडल्या. झेल सुटला असता तर काय झालं असतं, याचा विचार टाळ्या वाजवताना कुणी करत नाही.

हे झालं पाळण्यांचं. पण माझी घोडी काही पाळण्यावर बसणार नव्हती, ती जमिनीवरच उभी राहणार होती. मग तिला का अडवलं? इथे गर्दीचा हिशेब येतो. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम या पार्कात २०१९ साली दोन कोटींहून अधिक लोक आले, असा या व्यवसायातला अंदाज आहे. म्हणजे रोजचे सरासरी पन्नास हजारांहून जास्त. आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावानं रोज सकाळी यावं आणि रात्री परत जावं, तसं. उंच तिवईचे पाय पसरले की जवळजवळ मीटरभराचा त्रिकोण अडतो. तेवढ्या जागेत तीन-चार माणसं उभी राहतात. रात्री आतषबाजीच्या वेळी दिवे मंद करतात, सगळ्यांच्या माना वर असतात, पायाखाली कुणी पाहत नाही. बाबागाड्या असतात, चाकाच्या खुर्च्या असतात. तिवईचा पाय काळा आणि बारीक. त्यात अडखळून एक पडला की मागचे चार पडतात. घाईनं बाहेर पडायची वेळ आली, तर विचारूच नका. आणि तिवई लावली की माणूस ती जागा आपली समजू लागतो. 'जरा बाजूला व्हाल का' हे तो पन्नास जणांना सांगतो. अब्बांची खोली अब्बांची होती, तिथे ते कुणालाही 'हलू नका' म्हणू शकत होते. पार्कातला रस्ता माझा नव्हता.

मग फोटो काढायचेच नाहीत की काय? काढा की. त्यासाठी थोडी युक्ती हवी.

ट्रायपॉड न्यायचाच, तर मिटल्यावर चाळीस सेंटीमीटरच्या आत येणारा प्रवासी ट्रायपॉड घ्या. त्याचे पाय उलटे दुमडतात, त्यामुळे तो पिशवीत मावतो. तोही गर्दीपासून लांब, भिंतीकडेला, मोजका वेळ उघडा. त्याहून बरी म्हणजे वीतभर उंचीची तिवई. कट्ट्यावर ठेवली, दहा सेकंदांचा टायमर लावला की झालं. तीही नको असेल, तर कापडी पिशवीत वाटीभर तांदूळ भरा आणि कठड्यावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा. कॅमेरा ढळत नाही. तांदूळ मात्र तिथल्याच दुकानातला घ्या.

अब्बांच्या वेळचा एक उपाय सुतळीचा. कॅमेऱ्याच्या बुडाशी असतो तो आटा पाव इंची. त्यात बसणारा स्क्रू घ्यायचा, त्याला माणसाच्या उंचीएवढी सुतळी बांधायची, दुसरं टोक पायाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ओढून सुतळी ताठ करायची. हाताची थरथर निम्मी होते. ही तिवई खिशात मावते आणि कुणाच्या पायात येत नाही.

उजेडाचा एक जुना आडाखाही लक्षात ठेवा. पन्नास मिलिमीटरची लेन्स असेल, तर हातात धरून सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा कमी वेग ठेवू नये. दोनशेची असेल तर दोनशेव्या. आतषबाजीच्या रेघा पूर्ण उमटायला दोन ते चार सेकंद लागतात, आणि म्हणूनच तिथे तिवई आठवते. आताचे फोन रात्री एकामागोमाग अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतात. नुसत्या आठवणीपुरतं तेवढं पुरतं.

पाळण्यावर बसताना कॅमेरा न बसणाऱ्याच्या हाती द्या किंवा लॉकरमध्ये ठेवा. ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल पार्कात काही वेगवान पाळण्यांच्या वाटेवर धातुशोधक कमानी आहेत. खिशात फोन असला तरी परत पाठवतात. आणि नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी त्या पार्काचे ताजे नियम मुलांना पाहायला सांगा. माझ्यासारखं दारात शिकू नका.

आता त्या दिवसाची गोष्ट पुरी करतो. संध्याकाळी आम्ही तळ्याच्या काठी उभे होतो. मी सवयीनं कॅमेरा डोळ्याला लावला. शेजारी एक कुटुंब होतं, बोलणं स्पॅनिश असावं. त्यांच्यातलाही एक जण माझ्यासारखाच कॅमेरा घेऊन, घरच्यांपासून चार पावलं लांब उभा होता. आमची नजरानजर झाली. त्यानं माझ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या. भाषेची गरज पडली नाही. आधी मी त्यांचा फोटो काढला, तो त्यात जाऊन उभा राहिला. मग माझा कॅमेरा त्याच्या हातात गेला. मी बेगमच्या शेजारी, पुढे लेक, जावई, आणि जावयांच्या खांद्यावर नातू. तो त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. 'हलू नका' असंच असणार.

फोटो किंचित तिरका आलाय. तळ्याचं पाणी उजवीकडे सांडेल की काय, असं वाटतं. अब्बांनी तो गिऱ्हाइकाला दिला नसता. मी तो पत्र्याच्या पेटीत सगळ्यात वर ठेवलाय. नवी घोडी माळ्यावर आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)