लिव्हरपूल शहरातील मृतांची सरासरी

एडविन चॅडविक यांनी सन १८४२ मध्ये इंग्लंडातील श्रमजीवी लोकांच्या आरोग्याविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात लिव्हरपूलचे आकडे आहेत. तेथे १८४० साली वारलेल्या मजूर, कारागीर व नोकर लोकांचे सरासरी वय १५ वर्षे भरले. दुकानदारांचे २२ व प्रतिष्ठितांचे ३५.

यावरून तेथील मजूर मिसरूड फुटताच मरत, असे कोणी समजेल, तर त्यास सरासरीचा अर्थ कळला नाही असे आम्ही म्हणू. एकेक वर्षाची दोन बालके व ४३ वर्षांचा बाप, यांची सरासरीही १५च येते; त्या वयाचा मात्र तिघांत कोणीच नाही. मजूरवर्गातील दर शंभर मृतांत ६२ जण पाच वर्षांच्या आतील होते. (ज्या वस्तीत मुलेच फार, तेथे ही सरासरी काहीशी आपोआपच उतरते, हेही गणिताच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.)

अंधारी, ओलसर तळघरे, दाटीची घरे आणि सांडपाण्यास वाट नाही, अशा स्थितीत ती बालके वाढत. १८३२ च्या पटकीत किटी विल्किन्सन नामक एका गरीब बाईने आपल्या घरचा कपडे उकळण्याचा हंडा शेजाऱ्यांस मोकळा करून दिला होता. नगरसंस्थेस जाग येण्यास मात्र वेळ लागला. १८४७ च्या आरंभी डॉ. डंकन यांची आरोग्याधिकारी म्हणून नेमणूक झाली. त्या देशातील असे हे पहिलेच अधिकारी. त्याच वर्षी आयर्लंडातील दुष्काळग्रस्तांचे लोंढे बंदरात उतरले, तळघरे पुन्हा भरली, आणि टायफस ज्वराने पीडितांची सेवा करणारे दहा कॅथलिक धर्मगुरूही वारले.