देव सोडले, पुढे काय?

विक्रोळीत टागोरनगर, कन्नमवारनगरच्या बौद्ध घरांत देव्हाऱ्याच्या जागी दिसतात ते बुद्ध आणि बाबासाहेब. हिंदू धर्म सोडण्याची घोषणा बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात केली. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपुरात. मधली एकवीस वर्षं नुसती वाट पाहण्यात गेली नाहीत, दुसऱ्या धर्मांचा अभ्यासही चालला होता.

दीक्षेच्या दिवशीच्या बावीस प्रतिज्ञांतल्या पहिल्या काही ‘मानणार नाही’ म्हणतात; मग अष्टांगिक मार्ग, दया, चोरी न करणं, खोटं न बोलणं, दारू न पिणं. नकार ठणठणीत आहे, पण बाकीचं बरंचसं रोजच्या वागण्याचं आहे.

आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू झाला की अनेक विहारांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. पांढऱ्या साड्या, मेणबत्ती, त्रिशरण-पंचशील, मग वाचन. बाबासाहेबांच्या या ग्रंथात सिद्धार्थ घर सोडतो तो म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून नव्हे, तर शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाणीतंट्यामुळे! चवदार तळ्याच्या पाण्यासाठीच्या लढ्याची आठवण असलेल्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

पुढच्या पिढीतले काही जण विपश्यनेकडे वळले. सत्यनारायण गोएंकांनी १९६९मध्ये ब्रह्मदेशातून ती भारतात आणली. त्याच विपश्यनेचा गोराईचा पॅगोडा २००९चा. दहा दिवसांचं शिबिर, बहुतेक काळ मौन. ‘डोळे मिटून बसल्याने जात जाते का?’ हा जुन्या कार्यकर्त्यांचा सवाल मात्र रास्तच आहे. एकाच घरात आजी वंदना म्हणते, नातू श्वास पाहतो, आणि मुलगा १४ एप्रिलच्या जयंतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन फिरतो.