जॅकच्या पोटातले तेल

जॅक बसायला लागला, की गॅरेजात पहिला हात जातो तो ब्रेक ऑइलच्या बाटलीकडे. ब्रेकही हायड्रॉलिक, जॅकही हायड्रॉलिक, मग बिघडले कुठे? सुरुवातीला काहीच बिघडत नाही. नंतर दट्ट्याच्या कडेने ओघळ येऊ लागतो आणि जिथे तो पोचतो तिथला रंगही पापुद्रे धरून निघतो.

डॉट ३ किंवा डॉट ४ म्हणून विकले जाणारे ब्रेक ऑइल मुळात खनिज तेल नाही. ते ग्लायकॉल ईथर जातीचे रसायन. जॅकमधली सीले बहुधा नायट्राइल रबराची असतात. खनिज तेलात ती वर्षानुवर्षे टिकतात. ग्लायकॉलमध्ये फुगतात, मऊ पडतात. ब्रेकमधल्या रबराचे नेमके उलटे, म्हणून जॅकचे तेल ब्रेकच्या डबीत ओतणे तर जिवावरचेच काम. शिवाय ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. कोकणातल्या पावसाळ्यात कोपऱ्यात पडून राहिलेल्या जॅकला आतून गंज चढायला आणखी काय हवे?

सीलचे हे दुखणे यंत्राइतकेच जुने आहे. जोसेफ ब्रामाने लंडनमध्ये १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले, तेव्हा त्यात पाणी वापरत. दाब वाढला की दट्ट्याभोवतून गळती व्हायची. दाबानेच पसरून घट्ट बसणारी चामड्याची वाटी हा त्यावरचा तोडगा. त्याचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्स्लीला देतात. आज चामड्याच्या जागी रबर आले, तत्त्व तेच राहिले.

त्या रबरावर ताण तरी किती? समजा, दोन टनी जॅकचा दट्ट्या ३० मिलिमीटर व्यासाचा आहे. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर. पूर्ण भाराला दाब चौरस सेंटिमीटरमागे २८० किलोच्या घरात जातो, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या शंभरपटीहून जास्त. म्हणून गाडीखाली शिरायचे तर घोडी लावूनच. तेल कितीही चांगले असो, यात तडजोड नाही.

आता घट्टपणा. हायड्रॉलिक तेलाच्या डब्यावर ३२, ४६, ६८ असे आकडे असतात. ४० अंश सेल्सियसला त्या तेलाची विष्यंदिता किती सेंटिस्टोक, ते हा आकडा सांगतो. जॅकवरच्या पट्टीवर ग्रेड लिहिलेली असेल तर तीच घ्यावी. नसेल तर ३२ चे झीजरोधक हायड्रॉलिक तेल बहुतेक जॅकना मानवते. जॅक ऑइल म्हणून जे विकतात ते साधारण २२ ते ३२ च्याच पट्ट्यात असते. ६८ चे तेल दुकानात चटकन मिळते, पण थंडीच्या सकाळी त्यावर दट्ट्या खाली यायला रेंगाळतो.

इंजिन ऑइलचा मोह अनेकांना होतो, कारण उरलेला डबा घरात असतोच. ते या कामाला जाड आहे; २०डब्ल्यू-४० चा आकडा ४० अंशाला शंभराच्या पुढे जातो. त्यातली मळ धरून ठेवणारी द्रव्ये इंजिनात गुणाची, जॅकमध्ये मात्र पाणी आणि घाण तळाशी बसू देत नाहीत. अगदीच नड असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे लालसर तेल चालते. ते खनिज तेलाच्या कुळातले, पातळपणाही जवळपास ३२ च्या तेलाइतकाच.

मात्र नवे तेल जुन्यात मिसळू नये. जुने काळे किंवा दुधाळ दिसले तर सगळे काढावे. दुधाळ म्हणजे पाणी शिरलेले. दट्ट्या पूर्ण खाली बसवून अंगावरचे रबरी बूच काढायचे आणि भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच भरायचे. काठोकाठ भरले तर खाली येताना परतणाऱ्या तेलाला जागा उरत नाही. मग खाली उतरवायचा स्क्रू सैल ठेवून दांड्याने दहा-पंधरा पंप मारले की अडकलेली हवा निघते. पातळी पुन्हा पाहावी. तेल काढण्याच्या नादात तो स्क्रू पूर्ण बाहेर आला, तर त्यामागचा बारीक छर्रा टपकन पडतो आणि नेमका रॅकखाली जातो. आधी खाली ताट ठेवलेले बरे.

एवढे करूनही जॅक बसत असेल, तर दोष तेलाचा नाही. छर्ऱ्याच्या बैठकीवर कचरा अडकला असेल किंवा सील झिजले असेल. मापाचे सील किट मिळाले तर दुरुस्ती अर्ध्या दिवसाची. स्वस्तातल्या बिननावाच्या जॅकचे किट बहुधा मिळतच नाही, आणि अंदाजाने कापलेले वायसर घालून दोन टनांचा भार पेलवायला सांगण्यापेक्षा तो भंगारात गेलेला बरा.