दोरी ओढून हात दुखले, मशीन काही सुरू होईना

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. जोहरची नमाज होऊन गेली होती. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतल्या एका बुजुर्ग खालांच्या इंतकालाची खबर आली. दफन असरनंतर ठरले. आम्ही चौघेजण कुदळ-फावडी घेऊन आधीच कब्रस्तानात पोहोचलो. कबर खोदणारे कामाला लागले होते, पण फाटकापासून कबरीपर्यंतच्या वाटेवर गुडघ्याएवढे गवत माजले होते. वर पाऊस, खाली चिखल. जनाजा खांद्यावर घेऊन माणसे चालणार कशी?

खोलीत गवत कापायचे मशीन होते. तीन वर्षांपूर्वी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या बागेतले जुने मशीन जमातीने वर्गणी काढून घेतले होते. ते बाहेर काढले, टाकीचे झाकण उघडून पाहिले, अर्धी टाकी पेट्रोल होते. मग दोरी ओढायला सुरुवात केली. एकाने ओढली, दुसऱ्याने ओढली. चोक लावला, काढला. तीस-चाळीस वेळा तरी ओढली असेल. पेट्रोलचा वास सुटला, पण इंजिन काही बोलेना. एकदा तर दोरीने असा उलटा हिसका दिला की आमचा अंगठा दोन दिवस सुजलेला होता.

शेवटी आजूबाजूच्या घरांतून विळे आणले आणि वाट जेमतेम मोकळी केली. अल्लाहच्या कृपेने दफन वेळेत झाले. मात्र परतताना ओल्या गवतावरून मय्यतीचे थोरले भाऊ घसरून पडले. सत्तरीचे गृहस्थ. फार लागले नाही, पण कपडे चिखलाने भरले. ते आम्हाला काहीच बोलले नाहीत. त्याचेच आम्हाला जास्त लागले.

नवे घ्यायचे की हेच दुरुस्त करायचे?

पुढच्या जुम्याला नमाजनंतर विषय निघाला. काहींचे म्हणणे पडले, "भंगारात द्या आणि नवीन घ्या." नवीन म्हणजे तीस हजारांच्या आसपास. हा पैसा कोणाचा? लोकांच्या चंद्याचा. त्यात मोलमजुरी करणाऱ्यांचे दहा-वीस रुपयेही असतात. आधी एकदा जाणकाराला दाखवू, मग ठरवू, असे आम्ही सुचवले आणि मशीन टेम्पोत घालून नागापूरच्या एका जुन्या गॅरेजवर नेले.

तिथले उस्ताद पोरवयात लुना दुरुस्त करायला शिकलेले. लुना म्हणजे आपल्या नगरची ओळख. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ती 1972 साली बाजारात आणली. अवघ्या 50 सीसीचे इंजिन आणि सायकलसारखे पायडल. आपल्याकडच्या कित्येक मेकॅनिकांचा हात त्या छोट्या इंजिनावरच बसला. उस्ताद म्हणाले, "लुना काय, फवारणीचा पंप काय आणि हे गवताचं मशीन काय, इंजिनाला चारच गोष्टी लागतात. चांगलं पेट्रोल, मोकळी हवा, वेळेवर ठिणगी आणि आतला दाब. चारातलं काय नाही, ते एकेक करून शोधायचं. नुसती दोरी ओढत बसायचं नाही."

पहिला प्रश्न पेट्रोलचा

मशीनला हात लावण्याआधी त्यांनी विचारले, "शेवटचं कधी चाललं होतं?" आम्ही आठवून सांगितले, "दिवाळीच्या सुमाराला." म्हणजे आठ महिने तेच पेट्रोल टाकीत पडून होते.

आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. देशात 2022 साली हे प्रमाण 10 टक्क्यांवर आले आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल उसाच्या मळीपासून आणि रसापासून बनते. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात ज्या प्रवरानगरला झाली, ते आपल्याच जिल्ह्यातले, त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल साठून राहत नाही, म्हणून ते जाणवत नाही. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या मशीनमध्ये मात्र पाणी धरते. पेट्रोलही उडून जाते आणि मागे चिकट राळ उरते. कार्बोरेटरच्या जेटचे भोक सुईच्या टोकाएवढे. त्यात ती राळ बसली की इंजिनाला पेट्रोल मिळतच नाही.

उस्तादांनी टाकी रिकामी केली आणि कार्बोरेटरची वाटी उघडली. तळाशी पिवळट चिकट थर होता. जेट काढून क्लीनरने धुतला आणि हवेने साफ केला. तार घालू दिली नाही, कारण तारेने भोक मोठे होते आणि मग इंजिन जास्त पेट्रोल पिते.

हवा आणि ठिणगी

नंतर एअर फिल्टर काढला तर तो तेलाने भिजलेला. "मशीन कोणत्या बाजूला आडवं केलं होतं?" त्यांनी विचारले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. पात्यातले गवत काढताना जशी सोय होईल तसे आडवे करत होतो. चूक आमचीच होती. असे मशीन कलते करताना स्पार्क प्लगची बाजू वर हवी. उलटे केले की इंजिनातले तेल कार्बोरेटरमध्ये आणि फिल्टरमध्ये उतरते. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा वापरता येतो. कागदी फिल्टर तेलाने भिजला की बदलावाच लागतो.

मग प्लग उघडला. प्लग पाहून बरेच कळते. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओला असेल तर पेट्रोल येते, पण जळत नाही. काळा, काजळी धरलेला असेल तर हवा कमी पडते. आमचा प्लग ओला होता, म्हणजे आम्ही चोक लावून उगाच ओढत राहिलो होतो. त्यांनी तो पुसून वाळवला, टोकांमधली फट पाऊण मिलिमीटरच्या आसपास ठेवली. मग पेट्रोलचा डबा लांब ठेवायला लावला, कॅप लावून प्लगचा धातू इंजिनाला टेकवला आणि दोरी ओढली. निळी ठिणगी दिसली. दोरी सावकाश ओढल्यावर हाताला अडथळाही जाणवत होता, म्हणजे दाबही होता.

चारही गोष्टी जागेवर. ताजे पेट्रोल घातले, दोरी ओढली. "फट्ट" असा आवाज झाला आणि दोरीने पुन्हा तोच उलटा हिसका दिला.

पात्यावरची खाच

उस्ताद क्षणभर थांबले. प्लगची कॅप काढून बाजूला केली, मशीन कलते केले आणि पात्यावरून बोट फिरवले. एका टोकाला खोल खाच पडली होती. "हे मी आधीच बघायला हवं होतं," ते म्हणाले. "दगडाला कोणी धडकवलं होतं?"

आमच्यासोबत आमचा भाचा होता, एकोणीस वर्षांचा. तो खाली मान घालून उभा होता. दिवाळीच्या वेळी शेवटचे मशीन त्यानेच चालवले होते आणि पेट्रोल संपले म्हणून आत ठेवले, असे सांगितले होते. पण टाकी तर अर्धी भरलेली होती! ते आमच्या तेव्हा लक्षातच आले नव्हते. थोड्या वेळाने तो बोलला, "मामू, वाटेच्या कडेला दगड होता, गवतात दिसला नाही. मोठा आवाज होऊन मशीन बंद पडलं. लोकांच्या पैशाचं मशीन, सगळे काय म्हणतील म्हणून भीती वाटली."

उस्तादांनी वरचे झाकण उघडून मॅग्नेट काढला. इंजिनाच्या दांड्यावर हे जड चाक एका छोट्याशा चावीने जागेवर बसवलेले असते. आमच्या मशीनमधली चावी मऊ धातूची होती. पाते दगडावर आदळले की ती चावी कापली जाते, त्यामुळे महागाचा दांडा वाचण्याची शक्यता असते. पण चावी कापली की चाक थोडे सरकते आणि ठिणगी भलत्याच वेळी पडते. पेट्रोल आहे, हवा आहे, ठिणगीही आहे, फक्त वेळ चुकलेली. म्हणून तो उलटा हिसका.

त्यांनी दांडा वाकला नसल्याची खात्री केली आणि नवी चावी बसवली. किंमत शंभर रुपयांच्या आत. खिळ्याचा तुकडा कापून बसवायचा मोह टाळा, असे त्यांनी बजावले, कारण पुढच्या वेळी चावीऐवजी दांडा जातो. पाते बदलले. दुसऱ्या ओढीला मशीन सुरू झाले.

भाच्याला तिथे कोणी रागावले नाही. उस्ताद एवढेच म्हणाले, "बेटा, दगड लागणं हा गुन्हा नाही. तू त्याच दिवशी सांगितलं असतंस तर अर्ध्या तासाचं काम होतं." घरी जाताना तो आमच्याआधी त्या बुजुर्ग भावांच्या दारात गेला आणि सगळे सांगून माफी मागून आला. आम्हीही मागोमाग गेलो, कारण आठ महिने मशीनकडे न पाहण्याची चूक आमची होती.

घरोघरी उपयोगी पडेल असे

शेतातला फवारणी पंप, दुकानातला जनरेटर, गवत कापायचे मशीन, सगळ्यांना हे लागू आहे.

• महिनाभराहून जास्त काळ वापर नसेल तर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

• सुरू होत नसेल तर आधी साधे पाहा: पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, स्विच चालू आहे का, दांडीवरचा लिव्हर दाबून धरला आहे का, इंजिनात तेल पुरेसे आहे का.

• टू-स्ट्रोक मशीनमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. 25 ला 1 असे लिहिले असेल तर लिटरला 40 मिली, 50 ला 1 असेल तर 20 मिली. फोर-स्ट्रोकमध्ये असे मिसळू नका.

• पात्याला हात लावण्याआधी प्लगची कॅप काढा. इंजिन गरम असताना पेट्रोल भरू नका. बंद खोलीत इंजिन चालवू नका, त्याचा धूर जीव घेतो.

• गवत कापण्याआधी जागेवरून एक फेरी मारून दगड, तारा वेचून टाका.

आता कब्रस्तानाच्या खोलीत मशीनशेजारी एक वही दोरीने बांधलेली आहे. कोणी चालवले, कधी चालवले, काय बिघडले, हे त्यात लिहायचे. पहिले पान भाच्याच्या अक्षरात आहे. तारीख, आणि खाली एक ओळ: "दगड लागला होता, सांगितलं नव्हतं."