रिसेटचे बटण कशासाठी?

घोडबंदर रोडवरच्या दुकानात गिऱ्हाईक उभे, बिल अर्धे, आणि संगणक गोठला! पुष्कळ दुकानदार बंधू अशा वेळी सरळ भिंतीवरचा स्विच बंद करतात. कॅबिनेटवरचे रिसेटचे छोटे बटण यासाठीच असते. त्याने वीज तुटत नाही, फक्त यंत्र नव्याने सुरू होते. सेव्ह न केलेले बिल मात्र जाते. हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर थांबावे. लिहिणे मध्येच तुटले तर हिशेबाची फाइल बिघडू शकते. १९८१ च्या आयबीएम पीसीला हे बटण नव्हतेच. आजही कित्येक कॅबिनेटांना नसते. तिथे पॉवरचे बटण चार-पाच सेकंद दाबून धरावे. पॉवरचेच बटण तुटले, तर कारागीर रिसेटची वायर त्या जागी जोडून काम भागवतो.