माळ्यावरची जुनी इलेक्ट्रिक गिटार जपानी आहे का? कोणत्या सालची? असं ओळखा

एक काळ होता, अमरावती असो की अकोला, गणपती-दुर्गादेवीच्या मांडवात ऑर्केस्ट्रा ठरलेला असायचा. मग डीजे आला, रेकॉर्डेड ट्रॅक आले आणि वाद्यं माळ्यावर गेली. आता घर आवरताना तीच गिटार सापडते. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकतं. खाली एक जण लिहितो, "भंगार हाय भाऊ." दुसरा लिहितो, "लॉसूट गिटार आहे, लाखाची!"

दोघंही चुकीचे असू शकतात. पण नुकसान होतं ते विकणाऱ्याचं, कारण घेणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत असतं की तो काय घेतोय. म्हणून विकायच्या आधी पाच मिनिटं काढा आणि ही गिटार नेमकी काय आहे ते बघून घ्या.

जपानचा आणि आपल्या वरातीचा संबंध काय?

लग्नाच्या वरातीत टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवतात तो बेंजो तुम्ही ऐकलाच असेल. रवी जाधव यांचा २०१६ चा 'बँजो' हा सिनेमाही याच कलाकारांवर आहे. या वाद्याचं मूळ जपानी 'ताइशोगोतो'मध्ये आहे. जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये ते तयार केलं. आपल्याकडे त्याला बुलबुल तरंगही म्हणतात. पुढे त्याला पिकअप बसवून आपण ते इलेक्ट्रिक केलं.

याच नागोयात १९०८ मध्ये होशिनो नावाच्या पुस्तकाच्या दुकानाने संगीत विभाग सुरू केला होता. त्यातूनच पुढे 'आयबनेझ' गिटारची कंपनी उभी राहिली. म्हणजे वरातीतला बेंजो आणि ऑर्केस्ट्रातली आयबनेझ, दोघांचं माहेर एकच.

आधी काळ ओळखा

जुन्या जपानी गिटारी ढोबळमानाने तीन काळांतल्या असतात.

*१९६० चं दशक:* विचित्र आकार, तीन-चार पिकअप, भरपूर स्विच आणि चमकदार धातूची पट्टी. टाइस्को, गुयाटोन ही या काळातली नावं. टाइस्को १९४६ मध्ये सुरू झाली आणि १९६७ मध्ये कावाई कंपनीने ती विकत घेतली.

*१९७० चं दशक:* गिब्सन आणि फेंडर या अमेरिकन गिटारींच्या हुबेहूब नकला. आयबनेझ, ग्रेको, आरिया, टोकाई ही नावं याच काळात गाजली.

*१९८० चं दशक:* नकलेतून बाहेर पडून स्वतःचे मॉडेल. एवढंच नाही, तर १९८२ मध्ये खुद्द फेंडरने 'फेंडर जपान' सुरू केली.

आता गिटार हातात घ्या

१. *नाव सगळ्यात शेवटी बघा.* हेडस्टॉकवरचं नाव हा सगळ्यात कच्चा पुरावा. मात्सुमोतो शहरातला एकच कारखाना अनेक ब्रँडच्या गिटारी बनवायचा. स्टिकर बदलणं तर दोन मिनिटांचं काम. आणि स्पेलिंग नीट वाचा. 'गिब्सन' आणि 'गिवसन' यात एका अक्षराचा फरक आहे, पण गिवसन ही कोलकात्याची भारतीय कंपनी आहे.

२. *गिटार उलटी करा.* नेक आणि बॉडीच्या जोडावर चार स्क्रूंची लोखंडी पट्टी आहे का? तिच्यावर 'जपान' किंवा 'मेड इन जपान' कोरलेलं असू शकतं. नसेल तरी निराश होऊ नका. ही खूण मुख्यतः निर्यातीच्या मालावर असायची. जपानमध्येच विकायला बनवलेल्या गिटारवर ती नसूही शकते.

३. *जोड बघा.* अमेरिकन गिब्सन लेस पॉलचा नेक बॉडीत चिकटवलेला असतो. सत्तरच्या दशकातल्या सुरुवातीच्या अनेक जपानी नकलांमध्ये तोच नेक स्क्रूने कसलेला दिसतो. वरून लेस पॉल आणि मागे चार स्क्रू, म्हणजे ती गिब्सनची नेहमीची लेस पॉल नव्हे.

४. *सिरियल नंबर वाचा.* आयबनेझमध्ये १९७५ च्या अखेरीपासून सोपी पद्धत होती. पहिलं अक्षर महिन्याचं (ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर), पुढचे दोन आकडे सालाचे. 'एफ ७८४५२१' म्हणजे जून १९७८.

पण इथेच गोची आहे. १९८७ पासून पद्धत बदलली. 'एफ' म्हणजे फुजिजेन हा कारखाना आणि पुढचा एकच आकडा सालाचा झाला. त्यामुळे तोच नंबर १९८७ चाही निघू शकतो! मग मॉडेल बघूनच निर्णय करावा लागतो. नंबर एकटा कधीच पुरत नाही.

फेंडर जपानमध्ये 'जेव्ही'ने सुरू होणारे नंबर १९८२ ते १९८४ च्या सुमाराचे. यांना संग्राहकांकडून चांगली मागणी असते. नेकवर 'क्राफ्टेड इन जपान' लिहिलं असेल, तर ती नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली किंवा त्यानंतरची. ती ऐंशीची म्हणून कुणी खपवत असेल तर हात जोडा आणि निघा.

साठ-सत्तरच्या दशकातल्या कितीतरी स्वस्त गिटारींवर मात्र नंबरच नसतो, किंवा असलेल्या नंबरवरून साल कळत नाही. तिथे आकार, पिकअप आणि खुंट्यांवरूनच अंदाज बांधायचा.

'लॉसूट गिटार' म्हणजे काय?

गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने जून १९७७ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या कोर्टात खटला भरला. तो आयबनेझच्या अमेरिकन वितरक कंपनीवर होता. मुद्दा होता हेडस्टॉकच्या आकाराचा. १९७८ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. गंमत म्हणजे खटल्याच्या आधीच आयबनेझने तो आकार बदलायला घेतला होता.

म्हणजे खटला एका कंपनीवर आणि एका मुद्द्यावर. पण आज सत्तरच्या दशकातली कुठलीही जपानी नक्कल 'लॉसूट' म्हणून विकली जाते. हा शब्द ऐकून भाव वाढवू नका.

विकायच्या किंवा वाजवायच्या आधी

- गिटारसोबत जपानी अ‍ॅम्प्लिफायर असेल तर तो थेट प्लगमध्ये लावू नका. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. मागे '१०० व्होल्ट' लिहिलं असेल तर ट्रान्सफॉर्मरशिवाय लावल्यावर तो जळेल.
- गिटार टिनाच्या छताखाली ठेवू नका. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. नेक वाकतो, डिंक सुटतो.
- घासून चमकवू नका. नवा रंग, नव्या खुंट्या, नवे पिकअप लावले की संग्राहकाच्या दृष्टीने किंमत सहसा घसरते. जुने काढलेले भाग फेकू नका, पिशवीत जपून ठेवा.
- स्क्रू स्वतः खोलू नका. नेकच्या टोकावर कधी कधी तारखेचा शिक्का असतो, पण तो जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडूनच बघून घ्या.
- पाच फोटो काढा: पुढून, मागून, हेडस्टॉक, जोडावरची पट्टी, सिरियल नंबर. हे पाच फोटो दोन-तीन वेगवेगळ्या जाणकारांना दाखवा, मगच भाव बोला.

आणि तपासाअंती ती साधी, स्वस्त गिटार निघाली तर? मग निदान तिला नव्या तारा लावा. घरात ती कुणी वाजवली हे सांगणारं माणूस अजून असेल, तर साल, गाव आणि ऑर्केस्ट्राचं नाव एका कागदावर लिहून केसमध्ये ठेवा. कारखान्याचा नंबर एवढंच सांगतो की गिटार कधी बनली. ती तुमच्या घरी कशी आली, हे त्या नंबरात कुठेच लिहिलेलं नसतं.