दाढीवाला नायक आणि हैदराबादी नाना

प्रेमकथा म्हटली की आपल्या घरांत दोन गोष्टी होतात. मुली ती उशीखाली ठेवून वाचतात आणि मोठी माणसं न वाचताच तिच्याबद्दल मत बनवतात. दोघांनीही उघडपणे वाचावी अशी एक कादंबरी २०१८ साली कॅनडात प्रकाशित झाली. तिचं नाव ‘आयेशा अ‍ॅट लास्ट’ आणि लेखिका उज्मा जलालुद्दीन. ही त्यांची पहिलीच कादंबरी. पेशाने त्या हायस्कूलमध्ये शिक्षिका.

कथा टोरांटोच्या उपनगरात घडते, पण घर आपल्या ओळखीचं आहे. आयेशा सत्तावीस वर्षांची. बदली शिक्षिकेची नोकरी करते, कविता लिहिते. तिचे नाना हैदराबादला इंग्रजीचे प्राध्यापक होते, त्यामुळे उठता-बसता तोंडी शेक्सपिअर. धाकट्या मामेबहिणीला स्थळांमागून स्थळं येतात आणि आयेशाचं मात्र काही जमत नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातच होता. नांदेड, परभणी, औरंगाबादच्या आपल्या वाचकांना हे नाना-नानी परके वाटणार नाहीत.

खालिद दाढी राखतो, पांढरा पायघोळ झगा घालतो, डोक्यावर टोपी. मुलगी अम्मीने निवडावी आणि प्रेम निकाहनंतर करावं, असं त्याचं ठाम मत. ऑफिसातल्या वरिष्ठ बाईंना त्याचा हा पोशाख डोळ्यांसमोर नको असतो. इंग्रजी कथा-सिनेमात अशा पोशाखाचा माणूस आला की तो पुढे काय करणार हे आपण आधीच ओळखतो. इथे तो कथानायक आहे. लाजाळू आहे, चुकतो, माफी मागतो, आणि वाचकाला आवडू लागतो. एवढ्या एका निवडीसाठीही आम्ही या लेखिकेला दाद देऊ.

मशिदीतल्या एका परिषदेच्या तयारीसाठी दोघं एकत्र येतात आणि तिथे खालिद आयेशाला तिची मामेबहीणच समजून बसतो. पुढचा घोळ वाचकांनी स्वतःच वाचावा.

या कथेची मूळ प्रेरणा दोनशे वर्षं जुनी आहे. जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये पाच मुलींचं घर आहे. वडिलांची मालमत्ता कायद्याने दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार आहे, मुलींच्या हाती फारसा पैसा नाही, आणि आईला रात्रंदिवस लग्नाची काळजी. नावं बदलली तर हे घर भिवंडीत किंवा सोलापुरात सहज बसेल. त्या कादंबरीत प्रेम चारचौघांत, मोठ्यांच्या नजरेसमोर वाढतं. एका नजरेला, एका पत्राला, न बोललेल्या वाक्याला तिथे वजन येतं. आजच्या पाश्चात्त्य प्रेमकथेत दोघांनी ठरवलं की झालं, कुणाला विचारायचं नसतं. त्यामुळे लेखकाला अडथळे ओढून-ताणून आणावे लागतात. आपल्याकडे घर, इभ्रत, हया आणि खालांची गुप्तहेरगिरी हे सगळं अजून जागेवर आहे. ऑस्टेनचा साचा मुस्लिम घराला इतका नेमका बसतो तो यामुळे.

लेखिकेने मर्यादा सांभाळल्या म्हणून प्रश्न टाळले, असं मात्र नाही. खालिदच्या थोरल्या बहिणीने प्रेम केलं म्हणून घरच्यांनी तिला उचलून हैदराबादला पाठवलं आणि तिथे तिचं लग्न लावून दिलं. (आपण मुलींना परदेशी देतो तेव्हा ते नशीब, तिकडून इकडे पाठवली तर ती शिक्षा. हा चिमटाही बसतो.) निकाहला मुलीची संमती लागते, हे आपल्यापैकी कुणाला सांगावं लागत नाही. पण ती संमती कधी आणि कशी विचारली जाते? सगळी बोलणी झाल्यावर, हॉल ठरल्यावर, काजींसमोर? सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याची आज्ञा आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतरच्या आयतीत. खालिद नजर खाली ठेवतो, यात त्याची चूक नाहीच. पण समोरच्या मुलीला काही विचारण्याआधीच तो तिच्याबद्दल निकाल देऊन मोकळा होतो, तिथे तो चुकतो.

कादंबरीत उणिवा आहेत. खालिदची अम्मी फारच काळी रंगवली आहे. आपल्या मुलाचं भलं करायच्या नादात चुकणारी आई अधिक खरी वाटली असती. शेवटाकडे योगायोगही जरा जास्त झाले आहेत.

लिहिण्याच्या वेळेचं काय? ऑस्टेन पाद्र्याची मुलगी. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा पहिला खर्डा तिने १७९७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी पुरा केला. वडिलांनी लंडनच्या प्रकाशकाला पत्र लिहिलं, ते परत आलं. हस्तलिखित वाचायलाही मागवलं गेलं नाही. पुस्तक छापून आलं १८१३ मध्ये. त्याआधी १८११ मध्ये तिची पहिली कादंबरी निघाली, पण मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव नव्हतं, नुसतं ‘एका स्त्रीने लिहिलेली’. तिच्या पुतण्याने लिहून ठेवलंय, की ती येण्या-जाण्याच्या खोलीतच छोट्या कागदांवर लिहायची आणि तिथलं कुरकुरणारं दार दुरुस्त करू द्यायची नाही. दार वाजलं की कागद झाकायला वेळ मिळे.

उज्मा जलालुद्दीन यांना कागद झाकावे लागले नाहीत, पुस्तकावर पूर्ण नाव आहे. वेळ मात्र त्यांनाही शोधावाच लागला. दिवसा शाळा, मग घर आणि मुलं, आणि ‘टोरांटो स्टार’ या दैनिकात ‘समोसाज अँड मेपल सिरप’ नावाचं घरसंसारावरचं सदर. आम्हाला या सदराचं महत्त्व जास्त वाटतं. घरातल्या साध्या कुरबुरी थोडक्यात आणि हसत-हसत सांगायच्या, त्याही मुस्लिम नसलेल्या वाचकाला कळतील अशा. कादंबरीतली संवादांची चटक याच सरावातली असावी. आपल्याकडे घरातल्या खाला-फुफ्फूंचे किस्से रंगवून सांगणाऱ्या मुली कमी नाहीत. वहीत उतरवणाऱ्या कमी आहेत, आणि उतरवलेलं कपाटातून बाहेर काढणाऱ्या त्याहून कमी.

पहिल्या पुस्तकानंतर त्या थांबल्या नाहीत. २०२१ मध्ये ‘हाना खान कॅरीज ऑन’ आली. त्यात आईचं हलाल रेस्टॉरंट बुडू नये म्हणून धडपडणारी मुलगी आहे. २०२३ च्या ‘मच अ‍ॅडो अबाउट नादा’साठी त्या पुन्हा ऑस्टेनकडे गेल्या. आणि २०२५ च्या ‘डिटेक्टिव्ह आंटी’मध्ये प्रेमिकांना बाजूला सारून त्यांनी थेट एका विधवा आंटीलाच नायिका केलं. मुलीवर खुनाचा आळ आलाय, आणि गुन्हेगार शोधायला निघाली आहे तिची आई.